रिपोर्ट चांगले, तरी अंगात त्राण नाही : बायपासनंतरच्या थकव्याचं एक प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला. "मॅडम, वडलांची बायपास होऊन सहा आठवडे झाले. रिपोर्ट सगळे चांगले आहेत, पण ते उठतच नाहीत. तुम्ही येऊन जरा व्यायाम सुरू करून द्या."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोठ्या ऑपरेशननंतर घरी आलेल्या माणसांकडे जाऊन त्यांना पुन्हा उभं करणं हे माझं रोजचं काम. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की थकव्याची मला ठाऊक असलेली बहुतेक कारणं इथे एकाच माणसात एकावर एक चढलेली होती आणि पहिला आठवडाभर मी त्यांतलं एकच धरून बसले होते. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरात त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. वय ६१. तीन एकर द्राक्षबाग. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मांस-अंडी बंद. मधुमेह अकरा वर्षांचा, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. त्या वर्षी वारीत चालताना छातीत आवळून आलं. पुढे अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि ऑगस्टअखेर ऑपरेशन झालं. छातीतली एक धमनी आणि डाव्या पायातली शीर काढून तीन जोडण्या केल्या. आठव्या दिवशी घरी.

मी गेले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आबा सोप्यातल्या कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. समोर पाण्याचं भांडं, आरसा, दाढीचं सामान. उजवा गाल साफ आणि डाव्या गालावर साबण वाळून पांढरा पडलेला. सूनबाई हळूच म्हणाली, "नऊला बसलेत दाढीला. अर्धी झाली की हात खाली येतो. मग तासाभराने उरलेली करतात." माझ्यासाठी ती वाळलेल्या साबणाची पुटं इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टपेक्षा जास्त सांगणारी होती.

"आबा, कशानं दमताय?" मी विचारलं.

"दमलो म्हणून न्हाई वो मॅडम. काय केलंच न्हाई तर दमणार कसं? आतनंच गळाल्यागत वाटतंय."

हा फरक त्यांनी स्वतःहून केला. आपल्याकडे या एका गोष्टीला कितीतरी शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दम लागणं हा श्वासाचा मामला. शीण येणं म्हणजे काम केल्यावर येणारा थकवा, जो झोपून उठलं की जातो. अशक्तपणा हातापायांत असतो. चक्कर, ग्लानी, डोळ्यांवर झापड ही आणखी वेगळी. आणि मन लागत नाही म्हणून अंग उचलत नाही, तेही वेगळं. रुग्ण "थकवा आहे" म्हणाला की आम्ही तो एक शब्द लिहून मोकळे होतो. त्यापेक्षा त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं. आबांनी पहिल्याच दिवशी मला अर्धं निदान सांगून टाकलं होतं, पण मी ते नीट ऐकलं नाही.

आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या, कारण थकव्याआड गंभीर गोष्टी लपू शकतात. ताप नव्हता. टाक्यांतून पाणी येत नव्हतं. खोकताना छातीचं हाड करकरत किंवा हलत नव्हतं. उताणं झोपल्यावर श्वास कोंडत नव्हता, दोन-तीन दिवसांत एकदम वजन वाढलेलं नव्हतं, नाडी अनियमित नव्हती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याने शौचाचा रंग काळा झालाय का तेही विचारलं. शीर काढलेल्या पायाला संध्याकाळी थोडी सूज यायची. ती अपेक्षितच असते. यांतलं एकही काही निघालं असतं तर व्यायाम बाजूला ठेवून त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतं.

मुलाचा सूर मात्र वेगळाच होता. इकोत हृदयाची पंपिंग पन्नास टक्के आलेली, म्हणजे ठीकच. "हार्ट एकदम ओके आहे म्हणाले डॉक्टर. मग पडून का राहायचं? छाटणीची टोळी पुढच्या आठवड्यात येतेय." त्यात राग नव्हता, काळजी होती, आणि बाग आता आपल्या एकट्याच्या अंगावर आली याची भीतीही होती. आबा ते सगळं ऐकत होते आणि खाली बघत होते.

पंपिंग चांगली असणं म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं, इतकंच. माणूस परत पहिल्यासारखा झाला, असा त्याचा अर्थ नाही. या ऑपरेशनमध्ये छातीचं हाड उभं कापून तारांनी पुन्हा बांधतात. ते सांधायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण मजबुतीला तीन महिने. आणि हाडापलीकडे एक हिशेब असतो, जो बाहेरून दिसत नाही. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या आसपास पाय मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला, तेव्हा लक्षात आलं की मोठी इजा झाली की शरीर सगळ्या अंगाचा स्नायू मोडून खातं, फक्त जखमेजवळचा नव्हे. बोस्टनचे सर्जन फ्रान्सिस मूर यांनी पुढे या भरपाईचे टप्पे मांडले. स्नायू परत यायला आठवडे लागतात, चरबी परत यायला महिने. अंथरुणाचा परिणाम त्याहून वेगळा. अमेरिकेत ऐन तब्येतीतल्या वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आबांचं वजन ऑपरेशनआधी ६८ होतं, माझ्या भेटीच्या दिवशी ६१. पायजम्याची नाडी दोन वेढे जास्त बसत होती.

हे सगळं मला ठाऊक असल्यामुळेच मी चुकले.

पहिला आठवडा आणि माझी चूक

मी ठरवलं, स्नायू गेलाय, हालचाल तुटलीय, तर हळूहळू चालणं वाढवायचं. मोबाइलवर पावलं मोजायची आणि रोज पाचशेने वाढवायची. तीन दिवस त्यांनी ते इमानाने पाळलं. गुरुवारी सकाळी बरं वाटलं, म्हणून ते बागेत गेले. छाटणी चालू होती. कोणत्या काडीला किती डोळे ठेवायचे ते दाखवत दोन तास उभे राहिले, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायच्या पेस्टचं द्रावण कुणी जास्त घट्ट केलं म्हणून ओरडलेही. घरातल्यांना आनंद झाला. मुलाने मला फोटो पाठवला, मीही खूश झाले.

शुक्रवारी आबा उठले नाहीत. शनिवारी जेवले नाहीत. रविवारी मी गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. "माझ्यानं न्हाई व्हायचं आता," एवढंच म्हणाले.

बरं वाटलं की साठलेलं काम उरकायचं आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र मी कितीतरी घरांत पाहिलंय. तरीही मी रोज वाढत जाणारं लक्ष्य त्यांच्या हातात दिलं होतं. शरीर रोज सारखं वाढत नाही, आणि आबांच्या शरीरात तर वाढायला लागणारं सामानच कमी होतं. तिथून मी पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं, या वेळी न गडबडता.

फवारणीची डायरी

द्राक्षवाल्यांच्या घरी एक वही हमखास असते. तारीख, हवामान, कोणतं औषध, किती लिटरला किती, परिणाम. आबांनी वर्षानुवर्षं अशा डायऱ्या लिहिल्यात, अक्षर मोत्यासारखं. मी म्हटलं, "आबा, बागेची लिहिता तशी स्वतःची लिहाल का?" कोपनहेगनला हेन्रिक केलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऑपरेशननंतरचा थकवा मोजायला एक ते दहाचा साधा आकडा वापरला होता. तोच आम्ही घेतला : एक म्हणजे ताजातवाना, दहा म्हणजे हात उचलवत नाही. सकाळी, दुपारी, रात्री आकडा, आणि शेजारी काय खाल्लं, काय केलं, कोण आलं.

"कोण आलं" हा रकाना आबांनी स्वतः वाढवला. तो सर्वांत उपयोगी ठरला.

आठ दिवसांच्या नोंदी पाहिल्यावर दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरल्या. एक, सकाळी नाश्त्यानंतर तासाभरात आकडा पाचवरून आठवर जायचा, रोज. दुसरी, रविवार आणि गुरुवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी रात्रीचा आकडा नऊ.

सकाळचं कोडं सोपं निघालं. नाश्त्यानंतर तीन गोळ्या होत्या, त्यांत नाडी आणि रक्तदाब खाली आणणारी मेटोप्रोलॉल ५० आणि रक्तदाबाची आणखी एक. बसल्या जागी नाडी ५०. झोपलेलं असताना रक्तदाब ११८ वर ७०, उभं केल्यावर ९६ वर ६०. ऑपरेशनआधी ६८ किलोच्या, भीतीने नाडी धडधडणाऱ्या माणसाला जो डोस बरोबर होता, तो सात किलो उतरलेल्या माणसाला खाली दाबत होता. गोळी बदलणं हा माझा अधिकार नाही आणि ती घरच्यांनी स्वतःहून बंद करणं तर धोक्याचंच. मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर एकदम तोडला तर हृदय उलट उसळी घेतं. मी आकडे कागदावर मांडून त्यांच्या फिजिशियनकडे पाठवले. त्यांनी सर्जनशी बोलून मेटोप्रोलॉल निम्मी केली आणि दुसरी गोळी काही आठवडे थांबवली. पाचव्या दिवसापासून सकाळची ती घसरगुंडी डायरीतून गेली.

त्यांनीच रक्तही पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी १३.१ होतं, आता ९.६. लोहाची गोळी सुरू होती, पण ती दुपारच्या चहाबरोबर जात होती आणि चहा लोह शोषू देत नाही. त्यापलीकडे एक मेख होती. फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचं माप, चांगलं दिसत होतं, त्यामुळे लोहाची कमतरता नाही असंच कुणालाही वाटलं असतं. पण मोठ्या ऑपरेशननंतर अंगात दाह असतो आणि दाहात फेरिटिन आपोआप चढतं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते कोठारातल्या लोहाला जणू कुलूप घालतं, आतड्यातूनही आत येऊ देत नाही. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे, ते पाहिल्यावर ११ टक्के निघालं, वीसच्या वर हवं असतं. सलाईनमधून लोह दिलं गेलं. बी-१२ निघालं १४८, म्हणजे कमीच. माळकरी, अकरा वर्षं मेटफॉर्मिन, वर ऑपरेशननंतर रोज पोट सांभाळायची पँटोप्राझोल. तीन वाटांनी बी-१२ घटत होतं. इंजेक्शनं सुरू झाली. थायरॉइड बघितलं, ते ठीक होतं.

पथ्य नावाची उपासमार

आता ताट. घरातल्या बायका जिवापाड करत होत्या, यात शंका नाही. पण करत काय होत्या? सकाळी चहा-बिस्कीट. मग दोन चमचे उपमा. दुपारी मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा. संध्याकाळी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी. शेंगदाणे बंद, कारण तेलकट. उसळी बंद, कारण वातूळ. दही बंद, कारण टाके. पनीर "जड". मी ढोबळ हिशेब केला : दिवसाला तीसेक ग्रॅम प्रथिनं. त्यांच्या वजनाला, भरून येण्याच्या काळात किमान ७० ते ७५ हवी होती. शरीर स्वतःचा स्नायू मोडून खात असताना बाहेरून आपण त्याला निवळ पाजत होतो.

"टाक्याला दही चालत नाही" हे काकूंनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, त्यांच्या आईकडून ऐकलेलं, आईने आजीकडून. त्यावर मी वाद घातला नाही. मूत्रपिंडाची तपासणी चांगली आहे हे आधी फिजिशियनकडून पक्कं केलं, कारण मधुमेह्याला प्रथिनं वाढवताना ते बघावंच लागतं. मग काकूंना म्हटलं, वरण पातळ नको, पळीत उभं राहील असं करा. मोड आणून वाफवलेली मटकी सकाळी वाटीभर. दुपारी घरच्या दुधाचं पनीर किंवा घट्ट दही. आणि हुलग्याची शेंगोळी, चातुर्मास चालू म्हणून लसूण न घालता. हुलगे म्हटल्यावर काकूंचा चेहरा खुलला. बैलांना कामाच्या दिवसांत हुलगेच देतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

एकादशीचा प्रश्न आला. ती मोडा असं मी सांगितलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं ती धरली, त्याची एकादशी काढून घेतली तर थकव्यात आणखी एक भर पडली असती. फिजिशियनने निर्जळ आणि निराहार नको, एवढी अट घातली. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च. त्याऐवजी थोडी भगर, तिच्यावर शेंगदाण्याची घट्ट आमटी, राजगिरा, दूध, दही. आबांना ते पटलं.

येणारे-जाणारे

डायरीतला दुसरा आकडा, रविवार-गुरुवारचा. एका रविवारी चौदा माणसं येऊन गेली. मी त्या दिवशी तासभर तिथे होते. माणूस आत आला की आबा कॉटवरून सरळ बसायचे, पाय खाली सोडायचे. मग वारीत कसं दुखलं, तिथपासून गोष्ट. "किती टाके?" म्हटलं की सदऱ्याची बटणं काढून छाती दाखवायची. पाहुणा आपल्या मेव्हण्याची बायपास सांगायचा, त्याला काय झालं तेही. चहा. "येतो" म्हणता म्हणता पुढचा दारात. चौदा वेळा उठून बसणं, चौदा वेळा तीच भीती पुन्हा जगणं. तेवढे जिने चढले असते तर आपण त्याला श्रम म्हटलं असतं.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे नात्याचं देणं आहे, आणि मला त्याची किंमत कळते. आबा हॉस्पिटलात असताना याच लोकांनी रक्त दिलं, बागेला पाणी दिलं. म्हणून "भेटी बंद" असा कागद दारावर लावायला कुणी तयार नव्हतं, मीही सुचवला नाही. वाट आबांच्या थोरल्या बहिणीने काढली. आक्का सत्तर वर्षांच्या. खुर्ची टाकून त्या ओसरीवर बसल्या. येणाऱ्याला चहा ओसरीवर, सगळी हकिगत आक्का सांगणार, आणि पाच ते सहाच्या दरम्यान एकेकाने आत जाऊन आबांना नुसता नमस्कार करून यायचं. आबांनी आडवं पडूनच बोलायचं. "त्याला बसवायचं न्हाई," आक्का दरडावत. त्या आठवड्यात गुरुवारच्या रात्रीचा आकडा पाच आला.

झोपेचंही पाहिलं. उताणंच झोपावं लागायचं, रात्री घाम यायचा, म्हणून दुपारी तीन तास झोप आणि रात्री टक्क जाग. दुपारची झोप पाऊण तासावर आणली. आणि मनाचं. भजनाची टाळ ऐकली की त्यांचे डोळे भरून यायचे. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन खचणं इतकं नेहमीचं आहे की ते प्रत्येकाला विचारायला हवं. फिजिशियनने त्यांच्याशी निवांत बोलून घेतलं. औषधाची वेळ आली नाही.

नवव्या आठवड्यापासून

आता कुठे व्यायामाला अर्थ आला. बेदाण्याची शेड त्या दिवसांत रिकामी असते. तिथे टेप लावून तीस मीटर मोजले आणि सहा मिनिटांची चाल घेतली : २१० मीटर. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं? सहा. मेटोप्रोलॉल चालू असताना नाडी हवी तेवढी वाढत नाही, म्हणून नाडीवर वेग ठरवता येत नाही. साधारण नियम असा की चालताना वाक्य बोलता आलं पाहिजे. आबांनी त्याचं आपलं माप काढलं : "ज्ञानोबा-तुकाराम" म्हणत चालायचं, लय तुटली की थांबायचं. याहून चांगलं माप मला अजून मिळालेलं नाही.

रोजचं लक्ष्य मी काढून टाकलं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, आणि आदल्या रात्रीचा आकडा सहाच्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मं. बरं वाटलेल्या दिवशी जास्त करायचं नाही, हा नियम त्यांना सर्वांत जड गेला. एका सकाळी डायरी मिटून ते म्हणाले, "छाटणी झाल्यावर वेल पयल्यांदा खोडातलंच खाती. पानं आल्याबिगर तिच्याकडं काय मागायचं न्हाई." मुलगा बाजूलाच उभा होता. त्या दिवसानंतर त्याने बागेत कधी येताय हे विचारलं नाही.

बाराव्या आठवड्यात सहा मिनिटांत ३४० मीटर, उठ-बस दहा. हिमोग्लोबिन १२ च्या पुढे. त्यानंतर छातीचं हाड सांधेपर्यंत घातलेली हातांची बंधनं सैल केली आणि जमिनीवरून उठायचं शिकवलं, आधी पाटावरून, मग सतरंजीवरून. भजनाला मांडी घालून बसता येईना याचं त्यांना खरं दुःख होतं. विसाव्या आठवड्यात ४२० मीटर. वजन ६५. दाढी एका बैठकीत. तरी दुपारी चारच्या सुमाराला अंग गळायचं ते गेलं नव्हतं, आणि लग्नकार्याला जाऊन आलं की दुसरा दिवस आडवाच जायचा.

आषाढीला त्यांचा फोन आला. जीपने वाखरीपर्यंत गेले आणि तिथून दिंडीबरोबर पंढरपुरात चालत शिरले. वाटेत दोनदा बसले, पाणी प्याले, लय तुटली तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपले. "डायरीत ल्हिवलंय मॅडम. त्या रात्री सात, दुसऱ्या दिवशी सहा. आज तीन हाय."